रॉक मशीन ते इंडस क्रीड : आपल्याच गाण्यांची वाटचाल

मुंबईतील संस्थांचा इतिहास म्हटला की नाटक मंडळ्या, संगीत सभा, ग्रंथसंग्रहालये, व्यायामशाळा यांची नावे आधी आठवतात. त्या यादीत रॉक बँडचे नाव सहसा कोणी घेत नाही. बँडला ना इमारत, ना कार्यकारिणी, ना वार्षिक अहवाल. पाच-सहा वादक, त्यांची वाद्ये आणि तालमीला मिळेल ती खोली, एवढाच पसारा. तरीही 1984 मध्ये ‘रॉक मशीन’ या नावाने सुरू झालेला, 1993 मध्ये ‘इंडस क्रीड’ झालेला, 1997 मध्ये थांबलेला आणि 2010 मध्ये नव्या संचात पुन्हा मंचावर आलेला बँड हा या शहराची एक संस्था आहे, असे आमचे ठाम मत आहे. संस्था तिने पाडलेल्या पायंड्यावरून ओळखावी. या बँडचा पायंडा असा की मुंबईतल्या मुलांनी मुंबईच्या मंचावर स्वतः रचलेली गाणी वाजवायची आणि लोकांनी ती ऐकेपर्यंत वाजवत राहायचे. हे लेखन त्या एका गोष्टीचा इतिहास आहे. पारितोषिके, चित्रफिती, परदेशी नावे यांचा उल्लेख ओघात येईलच, पण त्यांचे स्थान दुय्यम.

रॉक मशीनच्या आधीही मुंबईत रॉक होते. 1970 आणि 1971 मध्ये ‘सिमला बीट’ ही बँडची स्पर्धा एका सिगारेटच्या नावाने भरत असे आणि तिच्यातल्या निवडक बँडच्या गाण्यांच्या लाँगप्ले तबकड्याही निघाल्या. 1971 मध्ये लोणावळ्याजवळच्या मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा उघड्यावरचा महोत्सव झाला. 1972 मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोथेकमध्ये शिरले आणि तिथल्याच वाद्यांवर वाजवून गेले. ही गोष्ट त्या पिढीने पुढच्या पिढीला इतक्यांदा सांगितली की तिचे आख्यान झाले. पण मराठी वाचकाला या साऱ्याशी जोडणारा धागा नंदू भेंडे यांचा. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा इंग्रजी रॉक गात वाढला. अलिक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्याने जुडासची भूमिका केली. पुढे थिएटर अकादमीने 1978 मध्ये जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली पुलंचे ‘तीन पैशाचा तमाशा’ मंचावर आणले, तेव्हा त्यातला अंकुश त्यानेच उभा केला. मराठी रंगभूमीवर रॉकचा आवाज तेव्हा स्वच्छ ऐकू आला आणि प्रेक्षकांनी तो गोड मानून घेतला. रॉक हे परके खूळ आहे असे म्हणणाऱ्यांनी ही नोंद विसरू नये.

दुसरा धागा धोबीतलावचा. मेट्रो सिनेमापासून काळबादेवीकडे वळणाऱ्या त्या चौकाच्या आसपास गोव्यातल्या गावागावांचे ‘कूड’ होते आणि त्यांत गोव्याहून आलेले दर्यावर्दी आणि वादक राहत. व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन घेऊन ही माणसे सकाळी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जात आणि रात्री हॉटेलात वाजवत. फुर्टाडोजचे वाद्यांचे दुकान तिथेच. गिटारच्या तारा, ड्रमच्या काठ्या, स्वरलिपीची पुस्तके यांसाठी मुंबईचा प्रत्येक होतकरू वादक कधी ना कधी त्या दुकानाची पायरी चढलेला आहे. मुंबईच्या रॉकची मुळे शोधताना लोक लंडन-न्यूयॉर्ककडे पाहतात. धोबीतलावकडे पाहिले तर त्याहून जास्त हाती लागते.

1984 मध्ये बँड जमला तेव्हाच्या मंडळींत गिटारवर महेश तिनईकर, बासवर मार्क सेल्विन आणि ड्रमवर मार्क मेनेझिस ही नावे होती. पुढच्या काही वर्षांत गायक उदय बेनेगल, दुसरी गिटार वाजवणारा जयेश गांधी आणि कीबोर्डवरचा झुबिन बालापोरिया येऊन मिळाले आणि संच पक्का बसला. ही आडनावे एका ओळीत वाचली तरी मुंबई कळते. कोकणी-मराठी, गुजराती, पारशी, ख्रिस्ती घरांतली मुले एका खोलीत जमली, आणि त्यांना जोडणारी भाषा होती इंग्रजी गाणी. त्यांनी इंग्रजीत का गावे, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारला गेला. उत्तर साधे आहे. ते ज्या कॉलेजांत शिकले, ज्या कॅसेट ऐकून वाढले, ज्या भाषेत आपसांत बोलले, त्या भाषेत ते गायले. खोटे मराठी किंवा खोटे हिंदी गाण्यापेक्षा ते प्रामाणिक होते.

त्या काळी बँड म्हणजे नक्कल हे समीकरण होते. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात किशोरकुमार किंवा आशाबाईंचे गाणे ‘हुबेहूब’ म्हणणाऱ्याला टाळ्या पडतात, तसेच रॉकच्या मंचावर होते. परदेशी बँडचे गाणे, त्यातला गिटारचा तुकडा, मूळ तबकडीवर जसा आहे तसाच्या तसा वाजला की पोरे बेभान होत. रॉक मशीननेही सुरुवात अशीच केली आणि त्यात कमीपणा काही नाही. दुसऱ्याचे गाणे स्वरास्वराने उतरवून घेणे ही शिकण्याची रीतच आहे. घराण्याचा शिष्यही आधी गुरूची बंदिश जशीच्या तशी गातो. त्या पिढीने तर हे शिक्षण फार कष्टाने घेतले. कॅसेट पुढे-मागे फिरवत, एकेक सूर गिटारवर शोधत, बोटांना फोड येईपर्यंत. छापील स्वरलिपी क्वचितच मिळे. चांगली इलेक्ट्रिक गिटार आयात करणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते, त्यामुळे ती येई ती कोणाच्या परदेशातल्या काकांच्या सामानातून किंवा बोटीवरच्या ओळखीने. तार तुटली की कार्यक्रम अडे.

मग या बँडने नकला सोडायचे ठरवले. आज हे वाक्य लिहायला सोपे आहे. समोरची गर्दी परदेशी गाण्याची फर्माईश ओरडत असताना, कोणीही न ऐकलेले स्वतःचे गाणे सुरू करायचे, तेही आवाज न डगमगता, याला छाती लागते. ओळखीच्या गाण्यात श्रोता अर्धे काम करतो. पुढे काय येणार ते त्याला ठाऊक असते आणि वादकाची चूक तो मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. नव्या गाण्यात ही सवलत नसते. पहिल्या आठ मात्रांत कान धरला नाही, तर समोरचा माणूस शेजाऱ्याशी बोलू लागतो. रॉक मशीनने ही जोखीम कार्यक्रमामागून कार्यक्रम पत्करली. बँडच्या साऱ्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी गोष्ट कोणती असे विचारले, तर आम्ही हीच सांगू.

1988 मध्ये ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा पहिला अल्बम निघाला आणि 1990 मध्ये ‘द सेकंड कमिंग’. भारतीय रॉक बँडने स्वतःच्या गाण्यांचा अख्खा अल्बम काढावा आणि तो दुकानात मिळावा, ही तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये परदेशी कॅसेटच्या रांगेत आपल्याच शहरातल्या मुलांची कॅसेट दिसणे, याचा त्या वेळच्या कॉलेजकुमारांवर झालेला परिणाम शब्दांत मांडणे अवघड आहे. ‘आपल्यालाही जमेल’ ही भावना अनेकांच्या मनात त्या मांडणीपाशी उभे असताना जागी झाली. ध्वनिमुद्रण मात्र खडतर होते. मुंबईतले स्टुडिओ सिनेसंगीतासाठी घडलेले. व्हायोलिनचा ताफा, ढोलकी, तबला, गायिकेचा आवाज कसा पकडायचा हे तिथल्या ध्वनिमुद्रकांना झोपेतही माहीत होते; पण तापलेल्या अँप्लिफायरमधून येणारी गिटारची खरखर हा दोष आहे की तोच हवा असलेला आवाज, इथूनच चर्चा सुरू व्हायची. त्या पहिल्या अल्बममधल्या ड्रमचा नाद आज कानाला पातळ वाटतो. गाणी मात्र पातळ नाहीत.

या वाटचालीत एका जागेचे ऋण मोठे आहे, ती म्हणजे रंगभवन. सेंट झेवियर्स कॉलेजच्या पाठीमागे, कामा आणि जी. टी. या दोन रुग्णालयांच्या शेजारचे ते सरकारी खुले नाट्यगृह. 1978 मध्ये तिथे ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली. रॉकवेड्यांसाठी त्याला पंढरीचे माहात्म्य आले ते ‘इंडिपेंडन्स रॉक’मुळे. 1986 मध्ये फरहाद वाडिया यांनी सुरू केलेला हा सोहळा नावाप्रमाणे स्वातंत्र्यदिनाशी जोडलेला. म्हणजे ऑगस्ट, म्हणजे पाऊस. डोक्यावर छप्पर नाही, पायाखाली चिखल, अंगाला चिकटलेले काळे टी-शर्ट, केसांतून निथळणारे पाणी, आणि मंचावर विजेच्या तारांवर प्लॅस्टिक पांघरून चाललेले वादन. विरार, कल्याण, पनवेलहून आलेली मुले शेवटची लोकल गाठायची की शेवटचा बँड ऐकायचा या पेचात असत आणि बहुतेकदा बँड जिंकत असे. ज्यांना तिकीट परवडत नसे ते बाहेरच्या गल्लीत उभे राहून ऐकत. खुल्या नाट्यगृहाचा हा उदारपणा बंद सभागृहाला कधीच साधत नाही. त्याच गल्लीचे नाव 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्रीनंतर साऱ्या महाराष्ट्राला वेगळ्याच कारणाने ठाऊक झाले. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर तिथे धारातीर्थी पडले. रंगभवनचा उल्लेख करताना त्यांचे स्मरण केल्यावाचून पुढे जाववत नाही.

नव्वदचे दशक उपग्रह वाहिन्यांचे. 1991 मध्ये स्टारच्या तबकड्या इमारतींच्या गच्च्यांवर उगवल्या आणि त्यांतून एमटीव्ही घरात आले. तोवर मुंबईचा बँड मुंबईबाहेर पोहोचे तो रेल्वेने, कॉलेजांच्या महोत्सवांतून. आता चित्रफितीने तो एका संध्याकाळी साऱ्या आशियात पोहोचू लागला. ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीला 1993 च्या एमटीव्ही पुरस्कारांत आशिया विभागाचा प्रेक्षकपसंतीचा मान मिळाला. प्रेक्षकांनी निवड केली हे त्यातले महत्त्वाचे. आणि जे गाणे निवडले ते स्वतःचे, नकललेले नव्हे. ज्या हट्टापायी बँडने मंचावर फर्माइशी नाकारल्या होत्या, त्या हट्टाची ही पावती.

त्याच वर्षी नाव बदलले. आपले संगीत आता निव्वळ अमेरिकन-इंग्रजी हार्ड रॉक राहिलेले नाही, इथल्या नादाला त्यात जागा हवी, अशी बँडची धारणा झाली होती आणि रॉक मशीन हे नाव त्या विचाराला अपुरे पडू लागले होते. लोकांच्या तोंडी बसलेले नाव ऐन भरात टाकून देणे व्यवहाराला धरून नव्हते. पुष्कळांनी नाके मुरडली. पण 1995 च्या ‘इंडस क्रीड’ या अल्बममध्ये जे ऐकू येते ते पाहता निर्णय योग्य होता. गायकीतला ताण कमी झाला, गाण्यांना श्वास घ्यायला जागा मिळाली, शब्द अधिक जवळचे झाले. रॉक मशीनच्या काळात बँड आपली ताकद दाखवत होता. इथे त्याला काही सांगायचे होते.

आणि नेमके तेव्हाच वारे फिरले. 1995 मध्येच अलिशाचे ‘मेड इन इंडिया’ घराघरांत वाजू लागले. 1996 मध्ये लकी अली आला, हरिहरन आणि लेझली लुईस यांचे ‘कलोनियल कझिन्स’ आले. ही गाणी चांगलीच होती, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण संगीतवाहिन्यांना आणि कंपन्यांना हिंदी पॉपचा सूर सापडला, आणि इंग्रजीतून गाणाऱ्या भारतीय बँडसाठी जी फट उघडली होती ती मिटत गेली. 1 नोव्हेंबर 1996 रोजी मायकेल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडा संकुलात गाऊन गेला. परदेशी तारे प्रत्यक्ष येऊ लागले होते, आणि इथल्या बँडला वर्षभर जगवेल अशी चाकोरी मात्र अजून तयार झालेली नव्हती. महिन्याला ठरावीक कार्यक्रम देणारे मंच नव्हते, गाण्याच्या हक्कांचे पैसे नियमाने हाती येत नव्हते. वय वाढते, घरे उभी राहतात, प्रत्येकाला आपापली वाट खुणावते. 1997 मध्ये इंडस क्रीड थांबला. बँड फुटण्याच्या गोष्टीत खलनायक शोधण्याची सवय आपल्याला आहे. इथे तो शोधू नये. तेरा वर्षे एकत्र चाललेली माणसे दमली होती आणि पुढे रस्ता दिसत नव्हता, एवढे कारण पुरेसे आहे.

खंडाची वर्षे रिकामी गेली नाहीत. उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तिथे ‘अ‍ॅल्म्स फॉर शांती’ हा बँड उभा केला. तबल्याचे बोल, हिंदी शब्द आणि गिटार असा तो मेळ होता, आणि ‘कश्मकश’ हा अल्बम त्यातून आला. म्हणजे ज्या दिशेने इंडस क्रीड वळू पाहत होता ती दिशा त्यांनी परदेशात बसून पुढे नेली. उदय मुंबईला परतल्यावर त्याने आणि महेश तिनईकरने ‘व्हर्लिंग कलापाज’ या नावाने ध्वनिवर्धकांच्या गदारोळाविना, अकूस्टिक गिटारवर वाजवायला सुरुवात केली. आमच्या मते पुनरागमनाचे बीज या छोट्या बैठकांत आहे. मोठ्या आवाजात पुष्कळ काही झाकले जाते. अकूस्टिक गिटारवर गाण्याचा सांगाडा उघडा पडतो. चाल कच्ची असेल तर लगेच कळते, आणि पक्की असेल तर तेही कळते. जुनी दोस्ती आणि जुनी गाणी, दोन्ही तिथे पारखून निघाली.

या काळात शहर बदलले. 1993 मध्ये अलाहाबादेतून अमित सैगल यांनी ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ सुरू केले होते. देशभरच्या बँडना एकमेकांची खबर त्यातून लागू लागली आणि 1997 पासून त्यांचा ‘ग्रेट इंडियन रॉक’ महोत्सवही भरू लागला. मुंबईत ‘पेंटाग्राम’सारखे बँड स्वतःची गाणी घेऊन उभे राहिले, तेव्हा त्यांना नकलांची फर्माईश इतक्या त्वेषाने झाली नाही, कारण ती लढाई आधीच्यांनी लढून ठेवली होती. पण रंगभवन गेले. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शाळा-कॉलेजे आणि न्यायालये यांच्याभोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला; रंगभवनला दोन रुग्णालये आणि कॉलेज अगदी खेटून. 2003 च्या सुमारास तिथले संगीत बंद पडले. नियम चुकीचा म्हणता येणार नाही. रुग्णाच्या झोपेपुढे कोणाचेही गाणे मोठे नाही, आणि याच नियमांतल्या रात्री दहाच्या मर्यादेने सवाई गंधर्व महोत्सवातल्या रात्रभराच्या मैफलीही संपवल्या. दुःख याचे की तोडीची दुसरी खुली, स्वस्त, स्टेशनजवळची जागा शहराने या मुलांना दिली नाही. संगीत मग आत गेले. डिसेंबर 2007 मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ उघडले. तिथला आवाज रंगभवनच्या दसपट स्वच्छ होता. पण तिथे शिरणे आणि तिथे बसून राहणे कल्याणच्या विद्यार्थ्याच्या खिशाला झेपणारे नव्हते.

2010 मध्ये इंडस क्रीड परतला तो अशा मुंबईत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात पहिला ‘एनएच7 वीकेंडर’ भरला, म्हणजे खुल्या मैदानात, अनेक मंचांवर, दोन-तीन दिवस चालणाऱ्या महोत्सवांचे युग नुकते उजाडत होते. जुन्यांपैकी उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया आले. बासवर रुशद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे दोन तरुण वादक घेतले. नाटकाच्या जाहिरातीत ‘नव्या संचात’ असे छापतात तेव्हा जाणकार प्रेक्षक कपाळाला आठी घालतो; मूळ संच डोळ्यांपुढे असतो. इथेही ती शंका होती.

ती का फिटली हे सांगायला थोडे वाद्यांच्या आत शिरावे लागेल. रॉक बँडमध्ये लोकांचे डोळे गायकावर आणि गिटारवर असतात, पण इमारत उभी असते ती बास आणि ड्रमवर. ड्रमर उजव्या पायाने मोठा किक ड्रम वाजवतो. तो ठोका आणि बासचा सूर एकाच क्षणी, एकजीव होऊन पडले, तर ऐकणाऱ्याच्या छातीत गाणे वाजते. त्यांच्यात केसाइतके अंतर पडले तरी सारे सैल वाटते, कारण सांगता येत नाही. गायकाला बदलता येते, पण ही जोडी बदलली की बँडची चाल बदलते, जशी माणसाची असते तशी. रुशद आणि जय आधीच्या जोडीची नक्कल करायला बसले नाहीत. त्यांच्या वाजवण्यात त्यांच्या पिढीचे कान होते: ठेक्यात मोकळ्या जागा, वजन जरा मागे झुकलेले, गरज नसेल तिथे शांत राहण्याची तयारी. वरच्या तिघांनी आपली गाणी त्या चालीवर नव्याने बसवली. वयाने आणि मानाने मोठ्या असलेल्या कलावंतांनी धाकट्यांच्या ठेक्याला आपला सूर जुळवून घ्यावा, याला मनाचा मोठेपणा लागतो. पुनरागमन टिकले ते यामुळे.

आणि दुसरे कारण पुन्हा तेच: नवी गाणी. परतलेल्या बँडपुढे एक तयार वाट असते. जुनी आठ-दहा गाणी, चाळिशीतले भावुक श्रोते, एक मोठा कार्यक्रम, हार-तुरे, छायाचित्रे आणि घरी. त्यात वाईट काही नाही, आणि लोक खूश होतात. इंडस क्रीडने तिथे थांबायचे नाकारले. तालमीची खोली पुन्हा घेतली, लिहायला बसले आणि 2012 मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम काढला. आठ गाणी, त्यांतली बहुतेक लांब, घाई नसलेली. ‘फायरफ्लाइज’, ‘डिझॉल्व्ह’, ‘टेक इट हार्डर’, ‘नो डिसग्रेस’ ही त्यांतली काही. पहिल्या अल्बममधली पोरसवदा आग इथे शोधू नये, ती नाही. इथे आहे ती जग पाहिलेल्या माणसांची समज, आणि तिच्याखाली धुमसणारे काही तरी, जे वयाने विझलेले नाही. झुबिनच्या कीबोर्डला इतका अवकाश याआधी कुठल्याच अल्बममध्ये मिळाला नव्हता. गिटारच्या मागे तो नुसता रंग भरत नाही, गाण्याला वळण देतो.

या अल्बमचे मिक्सिंग टिम पामर यांनी केले, ज्यांच्या नावावर पर्ल जॅमच्या ‘टेन’चे मिक्सिंग आहे. हा उल्लेख मिरवण्यासाठी नाही. प्रत्येक वाद्य वेगवेगळ्या पट्टीवर ध्वनिमुद्रित झाल्यावर त्यांचे आवाज एकमेकांशी तोलून, कोणाला पुढे, कोणाला मागे, डावीकडे, उजवीकडे बसवायचे हे काम मिक्सिंग करणाऱ्याचे. 1988 मध्ये गिटारची खरखर म्हणजे काय इथून समजावणी सुरू झाली होती. आता तीच खरखर ज्यांच्या हाताखालून जगभर ऐकली गेली त्या माणसाकडे गाणी पाठवायची सोय होती, आणि तेही मुंबईतून न हलता. ‘द सेकंड कमिंग’ आणि ‘इव्हॉल्व्ह’ पाठोपाठ ऐकावेत. भारतात ध्वनिमुद्रणाची कला बावीस वर्षांत कुठून कुठे आली, हे त्या दोन तासांच्या आत कळते.

पुनरागमनानंतर जे श्रोते समोर आले त्यांत दोन पिढ्या होत्या. रंगभवनच्या चिखलात उभे राहिलेले आता मुलांना घेऊन येत होते, आणि त्या मुलांना रॉक मशीन हे नाव आई-वडिलांच्या गप्पांतूनच ठाऊक होते. धाकट्यांना जुन्याची ओढ नव्हती. त्यांना समोरचा बँड आवडतो की नाही एवढेच पाहायचे होते. असा निःसंग श्रोता परतलेल्या कलावंताला मिळणे हे भाग्य आहे, कारण तो दया करत नाही.

‘इंडिपेंडन्स रॉक’चीही कथा अशीच वळली. 2013 नंतर थांबलेला हा सोहळा नोव्हेंबर 2022 मध्ये माझगावला पुन्हा भरला. रंगभवन मात्र बंदच राहिले. 2016 मध्ये ऱ्हिदम हाउस मिटले आणि त्याच वर्षी ब्लू फ्रॉगही. नंदू भेंडे 2014 मध्ये गेले, अमित सैगल त्याआधी 2012 च्या जानेवारीत गोव्यात गेले. ज्या जागांनी आणि माणसांनी हा इतिहास घडवला त्यांतले पुष्कळ आता कागदावरच उरले आहे, आणि तो कागदही फार ठिकाणी जपलेला नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या माळ्यावर, कपाटाच्या तळाशी, बुटांच्या जुन्या खोक्यात रॉक मशीनची कॅसेट, रंगभवनचे तिकीट, कॉलेज महोत्सवाचे पत्रक किंवा मंचासमोरून धरलेल्या टेपरेकॉर्डरवर उतरवलेला एखादा कार्यक्रम असेल, तर तो टाकून देऊ नका. त्या वेळच्या कार्यक्रमांचे अधिकृत ध्वनिमुद्रण फारसे झालेले नाही. घरगुती टेपवर असेल तेवढेच आहे. कॅसेट सापडली की लगेच वाजवून पाहण्याचा मोह आवरा. बरीच वर्षे पडून राहिलेल्या कॅसेटमध्ये फीत एकमेकीला चिकटलेली असते, आतला स्पंजाचा तुकडा निघून पडलेला असतो, आणि गंजलेल्या डेकमध्ये ती पहिल्याच फेरीत गुंडाळली जाते. आधी ती कोरड्या, सावलीच्या जागी ठेवा. पेन्सिल घालून हलक्या हाताने एकदा पूर्ण पुढे आणि एकदा मागे फिरवा. स्पंज नसेल तर तो बसवून घ्या. डेकचे हेड स्पिरिटने पुसा. मग एकदाच वाजवा आणि त्याच वेळी संगणकावर उतरवून घ्या. आवाज सुधारण्याच्या भानगडीत पडू नका, मूळ प्रत जशी आहे तशी राहू द्या. खोक्यावर तारीख, जागा, आणि आठवत असेल तर कोणकोणते बँड वाजले ते लिहून ठेवा. मधेच कोणी फर्माईश ओरडलेली ऐकू आली, तर तीही पुसू नका.